बाहेर नेलं की वर्ग उधळतो? आधी एक प्रश्न हातात द्या

मॅडम, तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीचा जोडवर्ग, 31 मुलं, परिसर अभ्यासाच्या तासाला ओढ्यावर नेली आणि दहा मिनिटांत निम्मी चिंचा पाडायला, निम्मी पाण्यात. वहीत कुणीच काही लिहिलं नाही. वर एका पालकाचा टोमणा, "पोरं हिंडवायला शाळेत घातलीत का?" आता पुन्हा बाहेर न्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

जरूर न्या. पण ओढ्यावर नको, सध्या कुंपणाबाहेरच नको. सुरुवातीची काही वर्षं मीही लांब नेत होतो. मुलं जितकी लांब जातील तितकं जास्त शिकतील, असं वाटायचं. तसं होत नाही. लांब गेलं की ती सहल होते, आणि सहलीत मुलांनी पळायचंच असतं, त्यात त्यांची चूक नाही.

मैदानाच्या कडेला, जिथे गवत कुणी काढत नाही, तिथे चार-चार मुलांच्या गटाला चार मीटर सुतळी द्या. तिचा चौकोन करायचा आणि त्यातच बघायचं. फळ्यावर प्रश्न एकच: "या चौकोनात किती तऱ्हेची पानं आहेत?" पावसाळ्याच्या शेवटी टाकळा, तेरडा, आघाडा, दोन-तीन प्रकारचं गवत सहज सापडतं. नावं लगेच सांगू नका. मुलं स्वतः नावं पाडतात, "खरखरीत", "कातरलेलं", "लव असलेलं". त्यांचं वर्गीकरण तिथेच सुरू झालेलं असतं. आघाड्याचं नाव घरून आजीला विचारून येतं, आणि ते मूल कधी विसरत नाही.

एक नियम मात्र कडक ठेवा: दगड उचलायचा तर काठीने, हात घालायचा नाही. रुई तोडायची नाही, तिचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

मला सगळ्यात आवडतो तो सावलीचा प्रयोग. मैदानात सरळ काठी रोवा आणि 11:45 पासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवायला सांगा. त्याआधी विचारा, सावली सर्वात लहान कधी होईल? सगळा वर्ग म्हणतो, बाराला. आमच्या जुन्नर भागात ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला साधारण 12:20 ला सर्वात लहान होते, फेब्रुवारीच्या मध्याला 12:50 च्या आसपास. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, आपण तिथून जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला, आणि दर अंशामागे चार मिनिटांचा फरक. त्यात सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे होत असतो. तिसरीला हे कारण सांगायची गरज नाही. घड्याळ आणि सूर्य यांचं जुळत नाही, हे त्यांनी स्वतः पकडलेलं असतं, तेवढं पुरे.

मधल्या दोन-तीन खड्यांची काठीपासूनची अंतरं इतकी सारखी असतात की सर्वात लहान सावली कोणती यावरून भांडण होतं. होऊ द्या. कुणी वितीने मोजतं, कुणी बोटांनी, आणि दोघांची उत्तरं जुळत नाहीत. मग त्यांच्यातलंच कुणीतरी पट्टी आणायला वर्गात धावतं. प्रमाणित एकक का लागतं, हे मी पुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवलं, पण पटलं ते त्या दिवशी.

पालकांचं म्हणाल तर ती तक्रार मी मनाला लावून घेत नाही. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, शाळाच कुरणात नेली. पण पालकाला हा इतिहास सांगून उपयोग नाही. खड्यांची ओळ जशी आहे तशी ठेवा आणि शाळा सुटताना घ्यायला आलेल्या आईला मुलालाच समजावून सांगू द्या. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेले एक वडील पुढच्या आठवड्यात स्वतः काठी तासून घेऊन आले होते.

जास्त पाऊस असेल तर बाहेरचं आत आणा. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा. ती फुलपाखराची असते, मोठी झाली की हिरवी होते. बरणीला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, रोज ताजी पानं घाला, आणि रोज एका मुलाला तिची लांबी मोजून तारखेसह लिहायला लावा. शाळेत लिंबाचं झाड नसेल तर वर्गात विचारा. कुणाच्या तरी परसात असतंच, दुसऱ्या दिवशी फांदी हजर होईल.