किनवटच्या लाकडाचा माग काढताना

किनवटच्या आरा मशिनीचा, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीचा, इतिहास शोधतोयस, तर नुसत्या नांदेडच्या दफ्तरावर थांबू नकोस. 1956 पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. जुने कागद उर्दूत निघतील. वाचणारा जाणकार सोबत घे, अंदाजानं अर्थ लावू नकोस.

मग आरा मशिनीवर राबलेल्या म्हाताऱ्यांकडे बस. मालकाचं नाव कुणीही सांगेल. तू सागाचे ओंडके कुठल्या वाटेनं यायचे, गाडीवान कोण, रेल्वेत माल कोण चढवायचं, हे विचार. भुसा चुलीला कोण न्यायचं, ते बायकांना विचार. गोंड-कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर तर जायलाच हवं. जंगल त्यांचं होतं.

मशीन कधी बंद पडली, ते 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाशी ताडून बघ. जंगलातल्या आरा गिरण्यांवर त्यानंच निर्बंध आले.