क्लीनरने घरच्याच फाईली उडवल्या, आता काय?

प्रश्न : नमस्कार दादा, सांगली जिल्ह्यातून लिहितेय. आमच्या लॅपटॉपला विंडोज १० आहे, सी ड्राइव्ह लाल दाखवत होता म्हणून भाच्याने एक फुकटचं क्लीनर टाकलं, त्यात भरपूर कचरा दिसला आणि आम्ही सगळ्यावर टिक करून क्लीन दाबलं. दुसऱ्या दिवशी बघते तर डाउनलोड्स फोल्डर रिकामं! त्यात सातबारा, आठ-अ, मुलाची सर्टिफिकेटं होती, आणि माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली, तिचे व्हॉइस मेसेज व्हॉट्सॲप वेबवरून उतरवून ठेवलेले ते पण. फोटो तर निम्मे गेलेत, निम्मे आहेत, हे कसं तेच कळत नाहीये. रिसायकल बिनमध्ये काही नाही. भाचा म्हणतोय रिकव्हरी सॉफ्टवेअर टाकून बघू. टाकू का?

उत्तर : ताई, त्या लॅपटॉपवर काहीही टाकू नका, आत्ता लगेच बंद करा आणि बंदच राहू द्या. फाईल डिलीट होते तेव्हा विंडोज फक्त आपल्या यादीत "ही जागा मोकळी" अशी नोंद करतं, फाईलचा मजकूर तिथेच पडून असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. आणि लिहायला तुम्ही काही करायलाच पाहिजे असं नाही, ब्राउझर उघडलात, अपडेट आला, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच सी ड्राइव्हवर उतरवलंत की ते नेमकं तुमच्या आईच्या आवाजावर जाऊन बसू शकतं. रिसायकल बिन रिकामी आहे कारण असली टूल्स फाईल बिनमध्ये टाकत नाहीत, सरळ उडवतात, आणि वर बिनही साफ करतात.

आता लॅपटॉप बाजूला ठेवून फोन हातात घ्या, कारण गेलेली प्रत शोधण्याआधी दुसरी प्रत कुठे आहे ते बघायचं असतं. व्हॉइस मेसेज व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेत म्हणजे मूळ फोनमध्ये होते. अँड्रॉइड असेल तर फोनच्या फाईल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरात "व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स" नावाचं फोल्डर असतं, आत तारखेनुसार छोटी छोटी फोल्डरं असतात, ती एकेक उघडून ऐका. आईच्या चॅटमध्येही वर वर जाऊन बघा. जुना फोन कपाटात पडला असेल तर तो चार्ज करा, आईचा स्वतःचा फोन घरात कुणाकडे असेल तर तोही, तिने पाठवलेले मेसेज तिच्या फोनमध्येही असणार. माझ्या अनुभवात आवाजाच्या फाईली लॅपटॉपपेक्षा जुन्या फोनमध्येच जास्त वेळा सापडल्यात, म्हणून हे आधी करा, आणि सापडल्या की त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर आणि भावंडांच्या फोनवर अशा दोन-तीन जागी ठेवा.

सातबाऱ्याची चिंता सोडा, डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या साइटवरून १५ रुपये भरून परत काढता येतो, आठ-अ पण मिळतो. मुलाची सर्टिफिकेटं डिजिलॉकरमध्ये आहेत का बघा, नसतील तर कॉलेजला मेल केलेल्या सेंट आयटममध्ये शोधा.

फोटोंसाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाईली ठेवायची सोय) साइटवर लॉगिन करा. बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हला जोडलेली असतात आणि घरच्या खात्यात तिथल्या बिनमध्ये उडालेल्या फाईली ३० दिवस राहतात, तेव्हा दिवस मोजा आणि आजच बघा. डाउनलोड्स मात्र या जोडणीत येत नाही, म्हणून तिथे आशा ठेवू नका. गुगल फोटोजला बॅकअप चालू असेल तर तिथेही शोधा.

एवढं करून जे उरेल ते लॅपटॉपच्या डिस्कवरून काढायचं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चांगली संधी आहे. एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवर साठवणारी नवी डिस्क असेल तर खरं सांगतो, आशा कमी. विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे, तिच्यातून विंडोज एसएसडीला कळवतं की अमुक जागेची आता गरज नाही, मग एसएसडी ती जागा आतून पुसून टाकते, आणि एकदा पुसली की कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही. जाणकार माणसाकडून डिस्क काढून घ्या, यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, तिथून फोटोरेक नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फक्त फाईलींची मूळ नावं येत नाहीत, हजारो फाईली नुसत्या आकड्यांच्या नावाने येतात आणि बसून निवडाव्या लागतात. नाव फोटोरेक असलं तरी व्हॉट्सॲपचे ऑग फाईलमधले आवाजही ते ओळखतं. नावांसकट हव्यात तर आधी रेकुव्हा हे दुसरं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघा. सापडलेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर साठवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही. दुकानात दिलंत तर आधी सापडलेल्या फाईलींची यादी दाखवा म्हणावं, मग पैशाचं बोला.

आता निम्मे फोटो का गेले. मला वाटतं तुम्ही टिक केलेल्या गोष्टींमध्ये "डुप्लिकेट" पण होतं. कॅमेरा फोटोंना क्रमांक देतो, ९९९९ झाले की बहुतेक कॅमेरे परत ०००१ पासून सुरू करतात, फोन बदलला की काही वेळा तेच, म्हणजे मुलाच्या बारशाचा आणि गावच्या जत्रेचा फोटो एकाच नावाचा असू शकतो. टूल नुसतं नाव बघून जुळवत असेल तर दोन्ही त्याच्या लेखी एकच, एक ठेवणार, एक उडवणार. आतला मजकूर जुळवून बघणारं टूल असं करत नाही, पण त्याला वेळ लागतो म्हणून काही टूल्स सोपा रस्ता धरतात.

तुम्ही किंवा भाच्याने मूर्खपणा केला असं अजिबात समजू नका. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा जो अपडेट आला त्यात खुद्द विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये डाउनलोड्सची टिक घातली होती, वर्षानुवर्षं सगळ्यावर टिक करायची सवय असलेल्या लोकांच्या फाईली त्यात गेल्या, नंतर मायक्रोसॉफ्टने ती टिक काढली. आणि त्याच अपडेटने काही लोकांचे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अपडेट होतानाच उडवले, कारण फोल्डर दुसऱ्या जागी हलवलेलं असेल तर जुन्या जागी उरलेलं फोल्डर रिकामंच असणार असं त्याने गृहीत धरलं, आणि लोकांच्या फाईली अजून त्या जुन्या जागीच होत्या! ६ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने तो अपडेट थांबवला, १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून परत दिला. विंडोज बनवणाऱ्यांनाच कुठली फाईल कुणाच्या कामाची ते ओळखता आलं नाही, मग बाहेरच्या फुकट टूलला तुमच्या आईचा आवाज कुठून ओळखता येणार. ते फक्त फाईल कुठे ठेवलीय, नाव काय, किती दिवस उघडली नाही एवढंच बघतं, आणि आपल्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या फाईली आपण वर्षभर उघडत नाही.

प्रश्न : मेलमधून आलेली वर्डची फाईल तिथूनच उघडून तीन तास काम केलं, सेव्हही केलं, क्लीनर चालवल्यावर ती कुठेच नाही. (नाशिक)

उत्तर : मेलमधून थेट उघडलेली फाईल बऱ्याचदा टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये उतरते, तुम्ही सेव्ह केलं ते तिथेच, आणि क्लीनर सगळ्यात आधी टेम्प झाडतं. वर्डमध्ये फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स इथे एकदा बघा. नाही मिळालं तर वर सांगितलेलाच रस्ता. आणि यापुढे मेलमधली फाईल आधी डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करून मगच उघडा.

प्रश्न : मग सी ड्राइव्ह साफ करायचा तरी कशाने? (ठाणे)

उत्तर : विंडोजच्या सेटिंगमधलं स्टोरेज सेन्स पुरतं. त्यात डाउनलोड्सच्या पुढे "नेव्हर" आहे ना ते बघून घ्या. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगं नोंदलेली असतात ती जागा) साफ करणारी टूल्स मुळीच नकोत, त्याने जागा मिळत नाही आणि बिघडलं तर विंडोजच बसतं. खरी जागा खातात ते व्हिडिओ, ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, तिथे उघडून बघा, आणि मग स्वतःच्या हाताने सी वरचे काढा.