मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर उजेड पुरेसा आहे का, हे मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं तर चालेल, की लक्स मीटर घ्यावा?

मी कारखान्यांमध्ये रात्री जाऊन उजेडाची रीडिंग घेतो. रोजचं कामच हे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लुमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाचं माप; एका चौरस मीटरवर एक लुमेन प्रकाश पडला की तो एक लक्स. भर दुपारच्या उन्हात साधारण 1 लाख लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात अर्धा लक्ससुद्धा नसतो, आणि तरी दोन्हीकडे आपण चालतो-फिरतो. डोळा इतकं जुळवून घेतो, म्हणून त्याच्या अंदाजावर विसंबू नका. लिहिण्या-वाचण्यासाठी टेबलावर 300 ते 500 लक्स धरतात.

मीटरच्या सेन्सरवर पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून बसवल्यासारखी पांढरी घुमटी असते. तिरका येणारा उजेडही योग्य प्रमाणात मोजला जावा, यासाठी ती. तिच्या खाली सिलिकॉनचा फोटोडायोड, म्हणजे प्रकाश पडला की वीज देणारा भाग, आणि खरी गोम इथेच आहे. सिलिकॉनला इन्फ्रारेड फार चांगलं कळतं, आपल्याला मुळीच दिसत नाही. टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर काहीच नाही. म्हणून चांगल्या मीटरमध्ये फोटोडायोडवर हिरवट फिल्टर असतो. उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वात संवेदनशील असतो, आणि माणसाच्या नजरेचा जो आलेख 1924 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरला, त्याच्याशी हा फिल्टर मीटरला जुळवून घेतो. पैसे मोजायचे ते या फिल्टरचे आणि कॅलिब्रेशनचे, म्हणजे प्रमाणित मीटरशी ताडून आकडा बरोबर करून घेण्याचे.

मोबाईलमधला सेन्सर स्क्रीन कमी-जास्त उजळ करण्यापुरता असतो. वर घुमटी नाही, कॅलिब्रेशनचा दाखला नाही. मी एकदा एकाच टेबलावर तिन्ही ठेवून बघितलं: मीटर 310 दाखवत होता, एक मोबाईल 200च्या आसपास, दुसरा 400च्या वर. पण तोच मोबाईल, तीच जागा ठेवून आधी-नंतरची तुलना करायची असेल तर तो चांगला उपयोगी पडतो. घरी ढोबळ अंदाज आणि अशी तुलना, तुमचं काम तेवढंच आहे. मीटर घेऊ नका.

मोजताना मात्र चूक करू नका. रात्री मोजा, म्हणजे खिडकीचा उजेड मिसळणार नाही. मोबाईल वहीच्या जागी सपाट ठेवा आणि वाकून बघू नका, तुमचीच सावली पडते. पांढरा शर्ट असेल तर दोन पावलं मागे सरका, त्याचा उजेड परावर्तित होऊन आकडा वाढतो. मग मुलीला लिहायला बसवा आणि पेनाच्या टोकाजवळ पुन्हा मोजा. ती उजव्या हाताने लिहीत असेल तर दिवा डावीकडे हवा. छोट्या बल्बचा दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाईवर येतो, हेही लक्षात असू द्या.

रंगाबद्दल लक्स काहीच सांगत नाही. दुकानात घेतलेली साडी उन्हात वेगळी का दिसते, याचं उत्तर स्पेक्ट्रोमीटरकडे. तो प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमोग्लोबिन तपासायची एक जुनी पद्धतही अशीच: रक्तात ठरावीक द्रावण मिसळून 540 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून सोडायचा आणि किती शोषला गेला ते कलरीमीटरवर वाचायचं.

आकडा कमी आला तर लगेच नवा दिवा आणू नका. आधी ट्यूबवरची आणि कव्हरवरची धूळ पुसा, मग पुन्हा मोजा.