दूरच्या घरातला मंगळवार

‘शहराबाहेर घर घेतोय. पैशांत बसतंय, मोठंही आहे. पण सही करायची म्हटलं की पोटात गोळा येतो. ही नुसती भीती आहे, की मन काही सुचवतंय?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. उत्तरादाखल एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, मुलगी शाळेत, त्याची आई सोबत. शहरातलं भाड्याचं घर अपुरं पडत होतं. त्याला उपनगरातल्या एका गृहसंकुलातलं घर मनापासून आवडलं होतं. एक खोली जास्त, प्रशस्त गॅलरी, समोर झाडं. बयाणा भरायची मुदत जवळ आली होती आणि घरात रोज खडाजंगी. दोघं माझ्याकडे आले ते सल्ल्यासाठी, असं म्हणाले. खरं तर मी आपल्या बाजूने निकाल द्यावा, अशीच प्रत्येकाची इच्छा होती.

“मॅडम, हिला नुसत्या अडचणी दिसतात.”

“आणि याला नुसती गॅलरी दिसते.”

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घर बघायला आपण सुट्टीच्या दिवशी जातो. रस्ते मोकळे, मन निवांत, आणि डोळ्यांत भरतं ते जुन्या घरात नसलेलं. १९९८ साली डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानमन या संशोधकांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या आणि मध्य-पश्चिम भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की तुमच्यासारखा माणूस कुठे जास्त समाधानी असेल? दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्निया सांगितलं. तिथली हवा छान, म्हणून. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दल दोन्हीकडच्यांचं समाधान जवळपास सारखंच निघालं. दोन जागांची तुलना करताना त्यांच्यातला फरक तेवढा मोठा दिसतो. उरलेला दिवस, जो बहुतांशी कामात आणि घाईत जातो, तो हिशोबात येतच नाही.

म्हणून मी त्यांना तो उरलेला दिवस लिहायला लावला. नव्या घरात जाऊन वर्ष झालंय, नवलाई संपली आहे आणि आज मंगळवार आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत काय घडतं ते दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, एकमेकांचं न बघता. मंगळवारच का? कारण त्या दिवसाकडून कुणाची काहीच अपेक्षा नसते.

त्याच्या कागदावर गॅलरी कुठेच नव्हती. उजाडायच्या आत निघणं, अंधार पडल्यावर परतणं, जेवण, झोप. तिच्या कागदावर गॅलरी एकदा आली होती, कपडे वाळत घालताना. ती आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. त्यामुळे मुलीची शाळा, सासूबाईंचा दवाखाना, किरकोळ खरेदी, सगळं तिच्या वाट्याला आणि सगळं गाडीने. दोघांनी एकमेकांचे कागद वाचले.

“म्हणजे गॅलरी हिची आणि हप्ता माझा,” तो म्हणाला.

“आणि ड्रायव्हरकीपण माझी,” ती.

त्या सत्रात दोघं पहिल्यांदा एकत्र हसले. मला यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ज्याला ते घर हवं होतं तोच तिथे सगळ्यात कमी वेळ असणार होता. हे मी बऱ्याच घरांत पाहते. अंतराची किंमत कुटुंब मिळून भरतं असं आपण धरून चालतो, पण ती सारखी वाटली जात नाही.

प्रवासाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ‘होते सवय’ हे वाक्य प्रत्येक जोडपं म्हणतं. जास्तीच्या खोलीची सवय होते, आणि फार लवकर होते. काही महिन्यांत ती भरून जाते. रखडणाऱ्या प्रवासाची तशी होत नाही, कारण तो रोज नव्या तऱ्हेने रखडतो. कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगवार नोंदवायला सांगितलं, तेव्हा कामावर जायचा सकाळचा प्रवास सगळ्यात नावडत्या गोष्टींपैकी एक निघाला. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली अनेक वर्षांची माहिती तपासली आणि २००८ मध्ये मांडलं, की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. अर्थशास्त्राच्या हिशोबाने स्वस्त घर किंवा चांगला पगार यांनी तो त्रास भरून निघायला हवा. तसा तो निघताना दिसला नाही.

तरीही तो हटेना. मग लक्षात आलं, गॅलरी हे निमित्त आहे. त्याचं बालपण भाड्याच्या घरांत गेलं होतं. मालक सांगेल तेव्हा सामान बांधायचं. खिळा ठोकायचा तर आधी विचारायचं. ‘कुणी उठ म्हणणार नाही’ असं घर त्याला हवं होतं, आणि हे त्याने बायकोलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. ही मागणी मला अजिबात पोरकट वाटत नाही. फक्त ती उघड बोलली गेली की तिच्यासाठी अमुकच घर, तमुकच गॅलरी लागत नाही, हे दिसायला लागतं.

तिची भीतीही अंतराची नव्हती. तिच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी चालत जाता येईल इतक्या जवळ राहत होत्या. “तिकडे मी कुणाशी बोलू?” हा तिचा खरा प्रश्न. तो भाबडा म्हणून झटकण्यासारखा नाही. अमेरिकेत कॅन्ससमधले संशोधक जेफ्री हॉल यांच्या अंदाजाप्रमाणे तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला पन्नासेक तास सोबत घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला दोनशेहून जास्त. हे तास आणायचे कुठून? बहुतेकदा ते येता-जाता साठतात. फेस्टिंगर, शाक्टर आणि बॅक या संशोधकांचा १९५० चा जुना अभ्यास आहे, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीतला. दाराला दार लागून राहणाऱ्यांत जवळच्या मैत्रीचं प्रमाण ४१ टक्के निघालं, त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्के. जिन्याजवळच्या घरांतल्या लोकांची वरच्या मजल्यावरही मैत्री जास्त. म्हणून घर बघायला जाणाऱ्यांना मी सांगते, स्वयंपाकघराचा ओटा नंतर बघा. आधी संध्याकाळी खाली उभे राहा. लोक एकमेकांना भेटतात का, की गाडीतून उतरून थेट लिफ्टमध्ये शिरतात?

आईंना मात्र कुणी काही विचारलंच नव्हतं. मी त्यांना बोलावून घेतलं. “मला मोठी खोली नको,” त्या म्हणाल्या. “कुणाला न सांगता, माझी मी चालत जाऊ शकेन अशी एक जागा असू दे. बाकी तुम्ही ठरवा.” मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं.

मी सुचवलं, बयाण्याची मुदत विकणाऱ्याची आहे, तुमची नाही. त्याच भागात काही महिने भाड्याने राहून बघा. तो वैतागला. पुन्हा भाडं, म्हणजे पैसे पाण्यात! पण चुकलेलं घर विकून दुसरं घ्यायचं तर सरकारी कर, दलाली, बँकेचे खर्च दोनदा भरावे लागतात, आणि मनस्ताप वेगळा. त्या तुलनेत काही महिन्यांचं भाडं मला परवडणारं वाटतं.

ते राहिले, आणि अंदाज उलटा पडला. ती रुळली. सकाळी चालायला जाणाऱ्या बायकांत तिला ओळखी मिळाल्या. प्रवासाने कातावला तो नवरा. रविवारी गॅलरीत बसायचा आणि तिथेच झोपून जायचा. शेवटी त्यांनी त्याच उपनगरात लहान घर घेतलं, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. झाडं दिसत नाहीत, याची कुरकुर अजून चालू आहे. आईंना वाचनालय सापडलं आहे.

तुमचा मंगळवार लिहून झाला, घरातल्या सगळ्यांना तो जमण्यासारखा वाटला, आणि तरी पोटातला गोळा जात नसेल, तर तो अंतराचा नसेल, कर्जाचा असेल. होम्स आणि रेह या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या बदलांच्या ताणाला गुण दिले, त्यात घर बदलण्याला २० होते, मोठ्या गृहकर्जाला ३१. तेव्हा दोघांनी पुन्हा वेगवेगळे कागद घ्या. एक पगार थांबला तर किती महिने हप्ता भरता येईल, एवढाच आकडा लिहा. दोन कागदांवर दोन वेगळे आकडे आले, तर सही पुढे ढकला आणि आधी तो फरक कशामुळे पडला ते शोधा.