वेबकॅमची फ्रेम जेपीईजी म्हणून उघडत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न असा आहे: लिनक्सवर एका वेबकॅमची फ्रेम थेट फाइलमध्ये लिहिली तर ती जेपीईजी म्हणून उघडते, दुसऱ्याची मात्र 'हफमन तक्ता नाही' (हा तक्ता म्हणजे संकुचित चित्र उलगडायची संकेतसूची) अशी तक्रार येऊन अडते, मग व्ही४एल२ या लिनक्सच्या व्हिडिओ-प्रणालीतील सगळ्या ड्रायव्हरांवर एकाच संकुचित स्वरूपाची सक्ती का नाही?

आधी अडचणीचे मूळ पाहू. एमजेपीईजी (मोशन जेपीईजी) या व्हिडिओ-प्रवाहात प्रत्येक फ्रेम हे स्वतंत्र जेपीईजी चित्र असते, पण तेच ते हफमन तक्ते दर फ्रेमला पाठवणे वायफळ म्हणून अनेक कॅमेरे ते गाळतात. एफएफ सी४ या खुणेने सुरू होणारा हा भाग खुणेसकट ४२० बाइटचा असतो आणि जेपीईजी मानकाच्या परिशिष्टात नमुन्यादाखल दिलेले तक्तेच येथे गृहीत धरायचे, असा प्रघात आहे. लिबजेपीईजी-टर्बो या जेपीईजी लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या ते गृहीत धरतातही. त्यामुळे तुमचा प्रोग्रॅम एका संगणकावर निमूट चालतो आणि जुन्या लायब्ररीच्या संगणकावर अडतो, असेही घडू शकते.

याच्या उलट टोकाला जीस्पीका या वेबकॅम-ड्रायव्हरांच्या संचातील सोनिक्सजे हा ड्रायव्हर आहे. त्याचे कॅमेरे शीर्षभागाविना नुसता संकुचित डेटा पाठवतात. ड्रायव्हर क्वांटायझेशन (संकोचनाचा दर्जा ठरवणाऱ्या) आणि हफमन तक्त्यांसह शीर्षभाग स्वतः जोडतो आणि त्याला 'जेपीईजी' हे नाव देतो. यूव्हीसी या यूएसबी कॅमेऱ्यांच्या सामाईक मानकाचा ड्रायव्हर मात्र कॅमेऱ्याने दिलेले बाइट तसेच पुढे सरकवून त्यांना 'एमजेपीजी' म्हणतो. दुर्दैवाने हा फरक नियम म्हणून कुठेही बांधलेला नाही. व्ही४एल२च्या दस्तऐवजात एमजेपीजीपुढे बराच काळ 'झोरान ड्रायव्हर वापरतो ते संकुचित स्वरूप' एवढेच वर्णन होते, आणि एवढ्यावर कोणी काय लिहायचे?

तरीही कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) रूपांतर करून सर्वांना एका साच्यात बसवण्याच्या मी विरोधात आहे. चित्र उलगडणे हे कर्नलचे काम नाही, हे धोरण योग्यच आहे. जुना जीस्पीका ते करत असे, आणि मुख्य कर्नलमध्ये येताना ते काम २००८च्या सुमारास लिबव्ही४एल या लायब्ररीकडे, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूला, गेले. प्रमाणीकरण हवे ते नावामागच्या हमीचे: तक्ते असतीलच की नसू शकतील, आणि आंतरगुंफित चित्राची (एकाआड एक ओळींची) दोन फील्डे एकाच बफरमध्ये दोन जेपीईजी म्हणून येतील का, हे प्रत्येक नावापुढे लिहिलेले असावे. दर्जाच्या बाबतीत असे काम झालेले आहे: जेपीईजीकॉम्प या जुन्या आयओक्टलऐवजी (ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञेऐवजी) आता संकोचन-दर्जाचे सामाईक कंट्रोल, म्हणजे सेटिंग, आहे, तरी ते प्रत्येक ड्रायव्हर देतोच असे नाही.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये तूर्त एवढे करा: दोन्ही नावे स्वीकारा, फ्रेममध्ये एफएफ डीए या (चित्राचा डेटा सुरू होण्याच्या) खुणेपूर्वी एफएफ सी४ सापडली नाही तर परिशिष्टातले तेच नमुना तक्ते तिथे घाला. एफएफएमपेग या व्हिडिओ-साधनाचा एमजेपीईजीटूजेपीईजी हा फिल्टर याच कामासाठी आहे. शिवाय फाइलमध्ये लिहिताना साइझइमेज वापरू नका. संकुचित स्वरूपात तो बफरचा कमाल आकार असतो, खरी लांबी दर बफरच्या बाइट्सयूज्डमध्ये मिळते. फ्रेमच्या शेवटी कचरा दिसत असेल तर आधी हेच तपासा.