चालत्या ताफ्यासाठी उपग्रह जाळं: बँडविड्थच्या आधी टपावरची जागा मोजा

तुमचा प्रश्न असा: ४० वाहनांचा लष्करी ताफा, चालता चालता प्रत्येकाला २ एमबीपीएस अपलिंक, केयू बँड (उपग्रह संपर्काचा एक वारंवारता-पट्टा), भूस्थिर उपग्रह (जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा); मग बँडविड्थ किती धरायची? ४० गुणिले २ हा तुमचा हिशोब मला उलट्या टोकाने सुरू झालेला वाटतो. आधी वाहनाच्या टपावर केवढी अँटेना बसते ते ठरवा.

समजा ४५ सेंमीची डिश बसली. १४ गिगाहर्ट्‌झला तिचा बीम साधारण ३.३ अंश रुंद होतो. १.२ मीटरच्या डिशचा सव्वा अंश असतो. भूस्थिर कक्षेत शेजारचा उपग्रह कित्येकदा जेमतेम २ अंशांवर असतो, म्हणजे लहान डिशचा सिग्नल तिकडे फक्त ४-५ डीबीने (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) कमी होऊन पोचतो. त्याला त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक हर्ट्‌झमागे किती शक्ती पाठवायची यावर मर्यादा येते. मोठा अँप्लिफायर लावून ती सुटत नाही. सिग्नल पसरवावा लागतो, कोडिंग जड करावं लागतं, आणि त्याच २ एमबीपीएसला कितीतरी जास्त बँडविड्थ लागते. वर गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची क्षमता) मोठ्या डिशपेक्षा साडेआठ डीबीने कमी, तो वेगळाच.

सपाट पॅनेलचा मोह होईल. उंची कमी, लांबून ओळखूही येत नाही. पण टपावर आडवं बसवलेलं पॅनेल आणि क्षितिजापासून ३० अंशांवरचा उपग्रह, अशी जोडी असेल तर ६० अंश तिरकं पाहावं लागतं आणि निम्मा गेन तिथेच जातो. प्रत्यक्षात बहुधा त्याहून जास्त.

अँटेनाचा उपग्रहावर नेम धरण्याबाबत एफसीसीच्या (अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था) जुन्या नियमांत होते ते आकडे डिझाइनला धरा: चूक ०.२ अंशाच्या आत, आणि ०.५ ओलांडली की १०० मिलिसेकंदांत प्रक्षेपण बंद. खडबडीत रस्त्यावर इथे जायरोचा दर्जा दिसतो. जीपीएस जॅम होणार हे गृहीत धरा. दिशा आणि टीडीएमएची (वाहनांनी आळीपाळीने प्रक्षेपण करण्याची पद्धत) वेळ दोन्ही त्याच्यावरच टांगली असतील तर उपग्रह ठणठणीत असूनही जाळं बसेल. इनर्शियल युनिट (बाहेरच्या सिग्नलशिवाय वाहनाची हालचाल मोजणारं) आणि उपग्रहाच्या बीकनवरून (त्याच्या खुणेच्या सिग्नलवरून) ट्रॅकिंग, दोन्ही हवेत.

आता खरी डोकेदुखी: आडोसा. झाडं, पूल, इमारती. लिंक सेकंदभर तुटते, पुन्हा जुळते. टीसीपीला (पॅकेट नीट पोचवणारा इंटरनेटचा प्रोटोकॉल) ती जाळ्यातली गर्दी वाटते आणि तो वेग पाडतो. प्रवेगक प्रॉक्सी (टीसीपीचा वेग पडू न देणारा मधला दुवा) लावता येते, पण आधीच आयपीसेकने (पॅकेट एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) एन्क्रिप्ट झालेल्या पॅकेटचा टीसीपी हेडर तिला दिसतच नाही. म्हणून ती एन्क्रिप्टरच्या आतल्या, साध्या मजकुराच्या बाजूला बसवा. स्थानाचे अहवाल रांगेत साठवू नका. नवा आला की जुना फेका. लिंक परतल्यावर दहा सेकंदांपूर्वीचं ठिकाण कोणालाच नको असतं. लेखी आदेश मात्र पोच मिळेपर्यंत धरून ठेवायचे.

दोन वाहनं आपसात किती बोलतात? भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर, त्यामुळे एका उडीला (जमिनीवरून उपग्रहाकडे आणि परत जमिनीवर) पाव सेकंद. हबमार्गे (जमिनीवरच्या मध्यवर्ती केंद्रामार्गे) दोन उड्या म्हणजे अर्धा सेकंद, मोडेमची प्रक्रिया वेगळी. आवाजासाठी ते वैतागवाणं आहे. तेवढ्यापुरती मेश (हबशिवाय वाहन ते वाहन थेट जोडणी) घ्या, आणि जवळच्या वाहनांना साधा रेडिओ पुरतो.

निम्न कक्षेत विलंब कमी, पण उपग्रह काही मिनिटांनी बदलतो आणि गेटवे (जमिनीवरची जोडणी-केंद्रं) बहुतेकदा दुसऱ्याच्या ताब्यात असतात. दुसरी वाट म्हणून छान. एकमेव म्हणून मी घेणार नाही.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला केए-सॅट या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहाचे हजारो मोडेम निकामी झाले. उपग्रहाला धक्काही लागला नव्हता. हल्लेखोर जमिनीवरच्या व्यवस्थापन जाळ्यातून शिरले होते. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्यात गेलं. तुमच्या वर्णनात व्यवस्थापन सर्व्हरचा उल्लेखच नाही. तो आराखड्यात दाखवा, आणि सगळ्या टर्मिनलना एकदम आज्ञा पाठवायचा अधिकार कोणाकडे असेल तेही लिहा.