मेंदूत डाग, तरी स्मरण शाबूत

(अल्झायमर आणि मेंदूचं वार्धक्य यांवर वाचकांकडून आलेल्या पत्रांतली ही चार पत्रं. उत्तरं देणाऱ्या संशोधक या आजाराच्या रेणवीय जीवशास्त्रावर काम करतात.)

माझं वय 63. ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी ओठांवर येत नाही आणि संध्याकाळी आपोआप आठवतं. ही अल्झायमरची सुरुवात आहे का?

नाव संध्याकाळी आठवलं, म्हणजे त्याची नोंद मेंदूत आहे. ती सापडायला वेळ लागला, एवढंच. निरोगी म्हातारपणात चेतापेशी झपाट्याने मरत नाहीत. त्यांच्यातल्या काही जोडण्या विरळ होतात, तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं आणि संदेश रेंगाळतो. अल्झायमरमध्ये बहुधा नोंदच होत नाही, कारण नवी आठवण जिथे घडते तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग सुरुवातीलाच आजाराच्या तावडीत सापडतो. सकाळचं बोलणं झालंच नाही असं वाटणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचा हिशेब न जमणं, ही लक्षणं घरच्यांना आधी दिसतात. तशी दिसली तर डॉक्टरांकडे जाच. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा काही गोळ्या यांमुळेही विस्मरण होतं, आणि त्यावर उपचार आहेत.

आईला वर्षभरापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. अमिलॉइड साचल्याने हा आजार होतो आणि ते काढणारी औषधं आता आली आहेत, असं वाचलं. मग आई पहिल्यासारखी का होणार नाही?

आमच्या क्षेत्रात गेली कित्येक वर्षं ज्यावर वाद चालला आहे, नेमकं त्यावरच तुम्ही बोट ठेवलंत. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

1906 साली अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्ट डेटर या आपल्या रुग्णाच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना पेशींच्या बाहेर डाग दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते. आज प्रयोगशाळेत मीही हीच दोन चिन्हं शोधते. डागांमधलं प्रथिन म्हणजे अमिलॉइड बीटा. चेतापेशीच्या आवरणात एपीपी नावाचं लांब प्रथिन असतं. दोन एन्झाइमं ते एकामागून एक कापतात आणि 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. त्यातला 42 वाला चिकट असतो. हा तुकडा तुमच्या-माझ्या मेंदूत रोज तयार होतो आणि रोज निचराही होतो. निचरा मागे पडला की तो साचू लागतो.

साचणं हीच सुरुवात आहे, असं मी ठामपणे म्हणते ते जनुकांच्या पुराव्यावरून. एपीपीचं जनुक 21 व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राची प्रत जास्तीची असते, आणि या व्यक्तींच्या मेंदूत चाळिशीपर्यंतच डाग दिसू लागतात. 1991 मध्ये एपीपीतच आजार घडवणारा बदल सापडला, 1995 मध्ये प्रेसेनिलिन जनुकांतला; एपीपी कापणाऱ्या एका एन्झाइमाचा भाग ही जनुकं बनवतात. उलट बाजूने, 2012 मध्ये आइसलँडच्या लोकांत एपीपीतला असा एक दुर्मीळ बदल आढळला, ज्याने हा तुकडा कमी बनतो आणि आजारापासून संरक्षण मिळतं.

पण तुमच्या आईचं विसरणं डागांच्या प्रमाणात वाढत नाही. ते वाढतं टाऊच्या मागोमाग. चेतापेशीत सूक्ष्मनलिकांचे मार्ग असतात, आणि रुळांना जसे स्लीपर तसं टाऊ हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं. त्यावर फॉस्फेट जास्त चढले की ते सुटतं, एकमेकांत अडकतं आणि गुंता होतो. हे गुंते हिप्पोकॅम्पसलगतच्या भागातून टप्प्याटप्प्याने मेंदूभर पसरतात. ब्राक या संशोधक दांपत्याने 1991 मध्ये त्यांचे सहा टप्पे मांडले, आणि आजही आम्ही मेंदूची तपासणी त्याच क्रमाने नोंदवतो. गुंते पसरतात तशा पेशींमधल्या जोडण्या तुटत जातात. प्रत्यक्ष स्मरण जातं ते तिथे.

काळाचं अंतर पाहिलंत की औषधांची मर्यादा कळेल. अमिलॉइड साचू लागतं ते पहिल्या लक्षणाच्या 15 ते 20 वर्षं आधी. लेकानेमॅबसारखं प्रतिपिंडाचं औषध डाग खरोखर पुसतं, स्कॅनमध्ये ते दिसतं. पण निदानापर्यंत टाऊ बराच पुढे गेलेला असतो, आणि तुटलेल्या जोडण्या डाग पुसल्याने परत येत नाहीत. चाचणीत सौम्य अवस्थेतल्या रुग्णांची घसरण 18 महिन्यांत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे 27 टक्क्यांनी मंदावली. घसरण थांबली मात्र नाही. काहींच्या मेंदूला सूज येते किंवा बारीक रक्तस्राव होतो, म्हणून वरचेवर एमआरआय करावा लागतो.

मी या 27 टक्क्यांना क्षुल्लक म्हणत नाही. आजाराचा मुळातला वेग बदलता येतो, हे त्यातून सिद्ध झालं, आणि इतकी दशकं अपयश पाहिलेल्या क्षेत्रासाठी ते फार मोठं आहे. पण त्याच्या जोरावर तुम्हाला आईच्या जुन्या दिवसांची आशा दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. तिचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. या औषधांचा फायदा सौम्य अवस्थेतल्या रुग्णांतच दिसला आहे.

वडिलांना हा आजार होता. मी एपीओई जनुकाची चाचणी करून घेऊ का?

नुसत्या कुतूहलापोटी नको. एपीओई हे मेंदूत चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक. त्याचा ई-4 हा प्रकार एका पालकाकडून आला तर धोका साधारण तिप्पट होतो, दोघांकडून आला तर त्याहून बराच जास्त. तरी ई-4 असूनही आजार न झालेले पुष्कळ आहेत आणि ई-4 नसलेले रुग्णही. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, सगळ्या वंशांत धोका सारखा नाही. प्रतिपिंडाचं औषध घ्यायचं ठरलं तर ही चाचणी उपयोगी पडते, कारण ई-4 च्या दोन प्रती असणाऱ्यांना मेंदूच्या सुजेचा धोका अधिक असतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या साठीच्या आतच आजार होत आला असेल, तर गोष्ट वेगळी. आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा.

जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे, याचा एक दाखला. कोलंबियातल्या एका मोठ्या कुटुंबात प्रेसेनिलिन-1 मधला एक बदल आहे, ज्यामुळे चाळिशीतच स्मरण ढासळतं. त्यातल्या एका स्त्रीची स्मृती सत्तरीपर्यंत टिकली. 2019 मध्ये तिच्याबद्दल प्रसिद्ध झालं: मेंदूत अमिलॉइड खच्चून भरलेलं, टाऊ मात्र अगदी कमी, आणि एपीओईचा ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ प्रकार दोन्ही पालकांकडून आलेला. हा शोधनिबंध वाचून मी त्या दिवशी दुसरं काम करू शकले नाही. अमिलॉइडची पहिली पायरी पूर्ण झाली तरी टाऊची दुसरी अडवता येते, हे निसर्गानेच करून दाखवलं होतं.

चाचणीपेक्षा रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्टेरॉल आणि ऐकू येणं यांकडे लक्ष द्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालानुसार टाळता येण्याजोग्या 14 घटकांशी स्मृतिभ्रंशाची सुमारे 45 टक्के प्रकरणं जोडलेली आहेत. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र पुढे ढकलू नका.

वडील 89 वर्षांचे आहेत, बुद्धी तल्लख. त्यांना मेंदूदान करायचं आहे. पण आजारच नाही, तर त्याचा उपयोग काय?

फार मोठा. आजारी मेंदूची तुलना करायला निरोगी वृद्ध मेंदू लागतो, आणि तोच आम्हाला कमी मिळतो. दुसरं कारण माझ्या अगदी जिव्हाळ्याचं. शेवटपर्यंत तल्लख राहिलेल्या काही माणसांच्या मेंदूची स्लाइड पाहिली तर ती डागांनी भरलेली असते. कधी गुंतेही असतात. पण जोडण्या शाबूत असतात, आणि मायक्रोग्लिया या साफसफाई करणाऱ्या पेशी चवताळलेल्या दिसत नाहीत. हे कशामुळे टिकलं, हे शोधण्यातच माझी वर्षं चालली आहेत, आणि अशा मेंदूंशिवाय ते शोधताच येणार नाही.

दान स्वीकारणाऱ्या मेंदूपेढीशी आधीच बोलून घ्या. मेंदू सहसा 24 तासांच्या आत मिळावा लागतो, कारण पेशींमधला आरएनए, म्हणजे जनुकांचा संदेश वाहणारा रेणू, लवकर मोडतो. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, दुसरा उणे 80 अंशांवर. वडिलांच्या स्मरणचाचण्या झाल्या असतील तर त्यांचे कागद आणि औषधांची यादी सोबत ठेवा. या माहितीशिवाय स्लाइडवर जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही. संमतीपत्रावर त्यांनी स्वतः सही करावी, आणि त्या वेळी पेढीला फोन कोण करणार हे घरात आताच ठरवा.